मानसशास्त्रज्ञ व्हायचं ठरवण्याआधी ते काम करून पाहा

प्रश्न थोडक्यात असा आहे : माणसाच्या मनाबद्दल पहिल्यापासून कुतूहल आहे, मित्रमैत्रिणी आपल्या अडचणी विश्वासाने सांगतात, म्हणून मानसशास्त्रज्ञ व्हावं असं वाटतं. पण हे काम झेपेल का, त्यात दिवसभर नेमकं काय करावं लागतं आणि सुरुवात कुठून करायची?

अभ्यासक्रमांची यादी देऊन हे उत्तर संपवता येईल, पण तशा यादीने कोणाचाच निर्णय होत नाही. लोक आपल्याशी मोकळेपणाने बोलतात ही जमेची बाजू खरी, पण तेवढ्यावर हा व्यवसाय उभा राहत नाही. इथलं काम म्हणजे नेमका प्रश्न विचारणं, मोजणं, लिहिणं आणि उत्तर हाती आलेलं नसताना घाई न करणं. ही चारही कामं पदवीला प्रवेश घेण्याआधी छोट्या प्रमाणात करून पाहता येतात. ती केल्याशिवाय पाच-सात वर्षं पणाला लावू नका, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लायटनर विटमर यांनी १८९६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पहिलं मानसशास्त्रीय क्लिनिक सुरू केलं. तिथे आलेला पहिला मुलगा कुठल्या मनोविकाराने ग्रासलेला नव्हता. त्याला स्पेलिंग येत नव्हतं, म्हणून शिक्षिकेने त्याला आणलं होतं. तपासणीत त्याच्या नजरेतच दोष निघाला. ही गोष्ट मी मुद्दाम आधी सांगतो, कारण आजही रोज तेच घडतं. कमी ऐकू येणारं मूल 'मंद' ठरतं. थायरॉइड कमी पडलेला माणूस उदास आणि सुस्त दिसतो. काही सेकंदांपुरती शुद्ध हरपणारे फिटचे झटके येणाऱ्या मुलीबद्दल 'वर्गात लक्ष नसतं' अशी तक्रार येते. झोपेत श्वास अडकणारा माणूस दिवसभर चिडचिडा आणि विसराळू असतो. म्हणून समोर कोणीही आलं तरी पहिल्याच भेटीत कान, डोळे, रक्त, झोप आणि चालू औषधं यांची चौकशी होते. ज्याला थेट 'मनाच्या खोलात' शिरायची घाई आहे त्याला हा भाग कंटाळवाणा वाटतो, आणि पहिल्या मोठ्या चुका इथेच होतात.

आता नावांचा घोळ मिटवू. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवी घेतलेला डॉक्टर असतो आणि औषधं तो लिहून देतो. मानसशास्त्रज्ञ औषधं देत नाही. अमेरिकेतली मोजकी राज्यं याला अपवाद आहेत. न्यू मेक्सिकोने २००२ मध्ये आणि लुइझियानाने २००४ मध्ये जादा प्रशिक्षण घेतलेल्या मानसशास्त्रज्ञांना ती परवानगी दिली. मूल्यमापन, चाचण्या आणि बोलण्यातून होणारे उपचार हे मानसशास्त्रज्ञाचं क्षेत्र. समुपदेशकाचा भर आयुष्यातल्या विशिष्ट अडचणीवर आणि निर्णयांवर असतो. बुद्धिमापनासारख्या मोठ्या चाचण्या बहुधा त्याच्या कक्षेत येत नाहीत. 'मानसोपचारतज्ज्ञ' हा शब्द मात्र डॉक्टरसाठीही वापरतात आणि मानसशास्त्रज्ञासाठीही. तेव्हा पाटीवरच्या शब्दापेक्षा त्याखालची पदवी आणि नोंदणी पाहायची सवय आत्तापासूनच लावून घ्या.

दिवस कसा जातो ते पाहू. एक सेशन ४५ ते ५० मिनिटांचं असतं. तासातली उरलेली दहा मिनिटं नोंदी लिहिण्यात जातात : आज काय बोलणं झालं, धोक्याचं काही आढळलं का, पुढच्या वेळेपर्यंत काय ठरलं. दिवसाला पाच सेशन नीट होतात. सहाव्याला लक्ष पातळ होतं आणि सातवं घेणारा माणूस समोरच्यावर अन्याय करतो, असं माझं ठाम मत आहे. म्हणूनच आठवड्याला २० ते २५ सेशन हे पूर्ण वेळचं काम मानतात. मूल्यमापनाचा हिशेब निराळा आहे. शिकण्यात अडचण असलेल्या एका मुलाची पूर्ण तपासणी करायची तर पालकांची मुलाखत दीड तास, चाचण्या दोन ते चार तास आणि त्याही लहान मुलांच्या बाबतीत दोन बैठकांत, गुणांकन एक-दोन तास, रिपोर्ट तीन ते पाच तास, आणि शेवटी तो समजावून सांगायला एक तास. यातल्या जवळजवळ निम्म्या वेळी समोर माणूस नसतो, कागद असतात. 'मला माणसांत राहायला आवडतं' एवढ्याच कारणाने या क्षेत्रात आलेले अनेक जण इथे दमतात.

चाचण्यांवर थोडं थांबतो, कारण बाहेरच्या माणसाला या कामाची सर्वांत कमी कल्पना इथे असते. वेक्स्लरच्या बुद्धिमापन चाचण्यांमध्ये सरासरी १०० आणि प्रमाण विचलन, म्हणजे लोकांचे गुण सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप, १५ धरलेलं असतं. म्हणजे साधारण ६८ टक्के लोक ८५ ते ११५ या पट्ट्यात येतात, आणि ७० हा आकडा सरासरीपेक्षा बरोबर दोन प्रमाण विचलनांनी खाली असतो. समजा, एका मुलाचा गुणांक ६८ आला. शिकाऊ माणूस लगेच लिहितो, 'बौद्धिक अक्षमता'. पण प्रत्येक मापनात त्रुटी असते. ती ३ गुणांची धरली तर ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की, खरा आकडा साधारण ६२ ते ७४च्या दरम्यान आहे. शिवाय निदानासाठी नुसता गुणांक कधीच पुरत नाही. मूल स्वतःचे कपडे घालतं का, पैशांचा व्यवहार कळतो का, वयाच्या मानाने संवाद साधतं का हे वेगळं तपासावं लागतं, आणि अडचण वाढीच्या वयापासूनची आहे हेही दिसावं लागतं.

या कामात बिघडतं ते अगदी साध्या ठिकाणी. मुलाचं वय वर्षं, महिने आणि दिवस असं काढायचं असतं. वजाबाकी चुकली आणि मूल वयोगटाच्या सीमेवर असलं, तर गुण चुकीच्या तक्त्यातून वाचले जातात. सूचना पुस्तिकेत आहेत त्याच शब्दांत द्यायच्या असतात, पण मूल अडलं की मोठ्या माणसाच्या तोंडून आपसूक एखादा इशारा निघून जातो. स्टॉपवॉच सूचना संपताच सुरू करायचं, मुलाने ठोकळा उचलल्यावर नाही. 'बरोबर!' म्हणायचं नाही, कारण पुढच्या प्रश्नाला ती दाद मिळाली नाही की मुलाला आपलं चुकलं हे कळतं. मुलाचा चष्मा घरी राहिला असेल तर चाचणी पुढे ढकलायची. घरी एक भाषा आणि चाचणी दुसऱ्या भाषेत असेल, तर शब्दसंपत्तीचे कमी गुण बुद्धीबद्दल फार थोडं सांगतात. जुनी आवृत्ती वापरली तर गुण फुगतात, कारण अनेक देशांत गेल्या शतकात सरासरी कामगिरी दर दशकाला सुमारे ३ गुणांनी वाढत गेली. याला फ्लिन परिणाम म्हणतात. आणि थोड्याच दिवसांत तीच चाचणी पुन्हा घेतली तर सरावामुळे गुण वाढतात, म्हणून आधी कुठे तपासणी झाली होती का, हे विचारल्याशिवाय चाचणीची पेटी उघडायची नाही.

ज्यांना आकड्यांची भीती वाटते त्यांनी पुढचा हिशेब एकदा स्वतः कागदावर मांडून पाहावा. पीएचक्यू-९ ही नैराश्याची नऊ प्रश्नांची प्रश्नावली आहे. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण ० ते २७. १० किंवा त्याहून जास्त गुण आले तर पुढे नीट तपासणी करायची. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूळ अभ्यासात, या सीमेवर, मोठं नैराश्य असलेल्यांपैकी ८८ टक्के लोक ओळखले गेले आणि नसलेल्यांपैकी ८८ टक्के लोक बरोबर वगळले गेले. ऐकायला छान वाटतं. आता ही प्रश्नावली अशा हजार लोकांना द्या, ज्यांच्यात प्रत्यक्षात ५ टक्के म्हणजे ५० जणांना नैराश्य आहे. त्या ५० पैकी ४४ सापडतील. उरलेल्या ९५० पैकी १२ टक्के, म्हणजे ११४ जणही १०च्या वर जातील. एकूण १५८ लोक 'पॉझिटिव्ह' आणि त्यांत खरोखर नैराश्य असलेले ४४, म्हणजे शंभरात २८. तीच प्रश्नावली जिथे ४० टक्के लोक नैराश्याने त्रस्त आहेत अशा क्लिनिकमध्ये दिली, तर ४२४ पॉझिटिव्हपैकी ३५२ खरे निघतात, शंभरात ८३. कागद तोच, प्रश्न तेच, पण अर्थ जमीन-अस्मानाचा. एखाद्या महाविद्यालयात सरसकट प्रश्नावली वाटून 'इतके टक्के विद्यार्थी नैराश्यग्रस्त' असं जाहीर करणाऱ्याने हा हिशेब मांडलेला नसतो. संख्याशास्त्र मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमात असतं ते यासाठी. ते टाळून पुढे गेलेला माणूस निरोगी माणसाला आजारी ठरवू शकतो.

रिपोर्ट लिहिणं हे वेगळंच कौशल्य आहे. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांना व्यक्तिमत्त्व चाचणी दिली आणि मग 'तुमचं वैयक्तिक वर्णन' म्हणून प्रत्येकाच्या हातात एकच मजकूर ठेवला. वर्णन किती जुळतं याला विद्यार्थ्यांनी ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले! राशिभविष्य जसं पटतं तसंच हे. वाईट रिपोर्टमधली वाक्यं याच जातीची असतात : 'स्वभावाने संवेदनशील आहे, पण ते सहजी दाखवत नाही.' कसोटी सोपी आहे. वाक्यावरचं नाव झाकायचं आणि तेच वाक्य शेजारच्या फायलीला लावून पाहायचं. तिथेही बसलं तर ते खोडायचं. त्याऐवजी लिहायचं : 'तोंडी सांगितलेल्या तीन टप्प्यांच्या सूचनेतली तिसरी पायरी दहापैकी सात वेळा सुटली, तीच सूचना लिहून दिल्यावर एकदाही सुटली नाही.' हे वाचून शिक्षक दुसऱ्या दिवसापासून काही वेगळं करू शकतो.

आता ऐकण्याकडे वळू. मैत्रीतलं ऐकणं आणि व्यवसायातलं ऐकणं यांत फरक आहे. मैत्रीत आपण मध्येच आपला अनुभव सांगतो, धीर देतो, सल्ला देतो, बाजू घेतो. सेशनमध्ये या चारही गोष्टी बेताने, बहुतेक वेळा अजिबातच करायच्या नसतात. तिथलं मुख्य हत्यार म्हणजे समोरच्याने जे म्हटलं त्याचा गाभा आपल्या शब्दांत परत देणं आणि तो बरोबर आहे का, हे त्याला तपासू देणं. प्रेरक संवाद, म्हणजे माणसाची स्वतःची बदलाची इच्छा जागवणारी बोलण्याची पद्धत, याच्या प्रशिक्षणात ध्वनिमुद्रणं तपासताना असे प्रतिसाद आणि प्रश्न चक्क मोजतात : एका प्रश्नामागे किमान एक प्रतिसाद ही किमान पातळी, दोन असतील तर चांगली. नवशिक्याचं प्रमाण सहसा उलटं निघतं, एका प्रतिसादामागे चार-पाच प्रश्न. त्याने मुलाखतीची उलटतपासणी होते. माणूस उत्तरं देत राहतो, पण बोलत नाही.

पहिल्या दोन वर्षांतल्या चुका ठरलेल्या आहेत. शांतता सहन होत नाही, म्हणून दुसऱ्याच सेकंदाला प्रश्न टाकला जातो आणि जे बाहेर येणार होतं ते आतच राहतं. पंधराव्या मिनिटाला सल्ला दिला जातो. तो समोरच्याने आधीच करून पाहिलेला असतो. वेळ संपल्यावरही बोलणं चालू ठेवलं जातं, कारण बरेच लोक सर्वांत अवघड गोष्ट उठता उठता, दारापाशी सांगतात. तिथे सेशन अर्धा तास लांबवायचं नसतं. 'हे महत्त्वाचं आहे, पुढच्या वेळी इथूनच सुरू करू' असं म्हणायचं. फक्त जिवाला धोका असेल तर थांबायचं. वैयक्तिक नंबर दिला जातो आणि रात्री अकराला मेसेज सुरू होतात. ओळखीच्या माणसाला क्लायंट म्हणून घेतलं जातं आणि मग मैत्रीही जाते आणि उपचारही. या सगळ्यामागे सहसा चांगुलपणाच असतो. म्हणून तर त्या चुका स्वतःच्या लक्षात येत नाहीत.

त्यांतली मोठी चूक म्हणजे सगळं ठीक चाललंय असं गृहीत धरणं. मानसोपचार घेणाऱ्या प्रौढांपैकी साधारण ५ ते १० टक्के लोकांची स्थिती उपचारादरम्यान खालावते, असं संशोधनात वारंवार दिसलं आहे. २००५च्या एका अभ्यासात थेरपिस्टना आपल्या ५५० क्लायंटपैकी कोण खालावेल ते सांगायला सांगितलं. त्यांनी तिघांची नावं घेतली. प्रत्यक्षात ४० जण खालावले आणि त्या तिघांपैकी एकच त्यांत होता. यावर उपाय अगदी साधा आहे : दर सेशनला एक छोटी प्रश्नावली भरून घ्यायची, आकडे आलेखावर मांडायचे आणि सुधारणा दिसत नसेल तर क्लायंटशी त्याबद्दल उघड बोलायचं. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बोर्डिन यांनी १९७९ मध्ये उपचारातल्या नात्याचे तीन भाग सांगितले : उद्दिष्टावर सहमती, करायच्या कामावर सहमती आणि आपसातला विश्वास. गाडी अडली की नवशिके तिसऱ्या भागावर मेहनत घेतात, आणखी प्रेमाने वागतात. पुष्कळदा बिघाड पहिल्या भागात असतो. आईला मुलाने अभ्यास करायला हवा असतो आणि मुलाला आईने ओरडणं थांबवायला हवं असतं, आणि कशासाठी भेटतोय हे कोणीच ठरवलेलं नसतं.

गोपनीयता आणि धोका हा विषय पहिल्या भेटीतच यावा लागतो. 'इथलं काहीच बाहेर जाणार नाही' असं वचन देता येत नाही. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला गंभीर धोका, मुलाचं शोषण, न्यायालयाचा आदेश अशा वेळी मौन मोडावं लागतं; नेमके नियम देशागणिक वेगळे आहेत. १९७६च्या कॅलिफोर्नियातल्या टॅरासॉफ निकालाने संभाव्य बळीचं संरक्षण हे थेरपिस्टचं कर्तव्य ठरवलं आणि पुढे अनेक ठिकाणच्या कायद्यांवर त्याची छाप पडली. या मर्यादा आधी सांगितल्या तर विश्वास टिकतो. बोलून झाल्यावर सांगितल्या तर तो विश्वासघात ठरतो. आणि आत्महत्येबद्दल थेट, स्पष्ट शब्दांत विचारायचं असतं. विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो, ही भीती संशोधनात खरी ठरलेली नाही. विचार येतात का, काही योजना आहे का, साधन हाताशी आहे का, आधी कधी प्रयत्न झाला होता का, आणि आजवर कशामुळे थांबलात, हे सगळं विचारावं लागतं. पीएचक्यू-९मधला नववा प्रश्न याच विषयाचा आहे. एकूण गुण कितीही कमी असोत, तिथे ० सोडून काहीही आलं तर त्याच भेटीत पुढची चौकशी करायची.

'मला स्वतःला त्रास झाला आहे, म्हणून मला दुसऱ्याचं समजतं' असं म्हणून अनेक जण या वाटेला येतात. त्यात काही कमीपणा नाही आणि ती अपात्रताही नाही. पण स्वतःशी एक गोष्ट तपासा : तुमच्या दुखऱ्या जागेच्या जवळचा विषय समोरच्याने काढला, तर तुमचं लक्ष त्याच्यावर राहतं की तुमच्याच आठवणींकडे वळतं? वळत असेल तर आधी स्वतः उपचार घ्या, मग शिकायला या. प्रशिक्षणाच्या वर्षांत त्यावर काम करायला उसंत मिळत नाही, आणि भार क्लायंटवर पडतो.

आता करून काय पाहायचं ते. सहा महिने द्या, नोकरी किंवा शिक्षण चालू ठेवूनच.

सुरुवात निरीक्षणापासून करा. एखाद्या सार्वजनिक जागी पंधरा मिनिटं बसा आणि कागदाचे दोन रकाने करा : दिसलं काय आणि वाटलं काय. 'माणूस चिडला' हे दुसऱ्या रकान्यात जातं. 'खुर्ची मागे सरकवली, मान वळवली, उत्तर एका शब्दात दिलं' हे पहिल्या. सुरुवातीला पहिला रकाना जवळजवळ रिकामा राहतो. आठ-दहा वेळा करा, फरक स्वतःला दिसेल.

मग एका मित्राची स्पष्ट संमती घेऊन वीस मिनिटांचं संभाषण रेकॉर्ड करा. विषय नाजूक नको. कामाचा कंटाळा किंवा घर बदलणं, असं काही. मग ते शब्दन् शब्द उतरवून काढा. याला दोन तास सहज लागतात आणि खरं शिक्षण या दोन तासांत आहे. तुम्ही किती वेळा मध्ये तोंड घातलंत, किती प्रश्न 'हो-नाही'चे होते, कितव्या मिनिटाला पहिला सल्ला दिलात, निम्म्याहून जास्त शब्द कोणाचे आहेत, हे मोजा. रेकॉर्डिंग पुसून टाका. महिन्याने पुन्हा करा. मित्राचे गंभीर प्रश्न मात्र यासाठी वापरू नका, आणि इंटरनेटवर सापडलेल्या मानसशास्त्रीय चाचण्या कोणालाही देऊ नका. चाचणीतले प्रश्न बाहेर फुटले की ती चाचणी मरते आणि तिचा फटका ज्याला खरी गरज आहे त्याला बसतो.

संख्याशास्त्राचा एक पायाभूत कोर्स करा : सरासरी, विचलन, सहसंबंध, टी-टेस्ट, साधं रिग्रेशन. सोबत एक शोधनिबंध पूर्ण वाचा, पण सारांशापासून नको. आधी पद्धत, मग निष्कर्षाचे तक्ते, शेवटी चर्चा. किती माणसं होती, ती कोण होती, तुलनेला कोणता गट होता, आणि लेखकाचा दावा आकड्यांच्या पुढे किती धावतो, यावर एक पान लिहा. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले छापून आलेले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिल्याचं जाहीर झालं, तेव्हा जेमतेम ३६ टक्क्यांमध्ये सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय निकाल पुन्हा मिळाला. त्यामुळे 'छापून आलंय' हे या क्षेत्रात पुरेसं कारण नाही.

आणि जिथे आधी प्रशिक्षण देतात आणि नंतर पाठीशी माणूस उभा करतात अशाच हेल्पलाइनवर किंवा विशेष मुलांच्या शाळेत आठवड्याला चार तास काम करा. प्रशिक्षण न देता फोनवर बसवणारी संस्था टाळा.

सोबत तीन वेगवेगळ्या शाखांतल्या मानसशास्त्रज्ञांना भेटा. 'हे क्षेत्र कसं आहे?' असं विचारलंत तर ठोकळेबाज उत्तर मिळेल. 'गेल्या मंगळवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय केलंत?' असं विचारा. 'कोणतं काम टाळावंसं वाटतं?', 'सुपरव्हिजन कोणाकडे घेता?' (म्हणजे आपलं काम कोणा अनुभवी माणसाकडून तपासून घेता?) हेही विचारा. शेवटच्या प्रश्नाला 'आता गरज नाही' असं उत्तर आलं, तर त्यांच्याकडे शिकायला जाऊ नका. केसच्या कहाण्या मात्र मागू नका. ज्याने त्या सहज सांगितल्या त्याच्याकडून गोपनीयता शिकता येणार नाही.

शिक्षणाची वाट उलट दिशेने आखा. जिथे काम करायचं आहे तिथे नोंदणी कोण करतं, हे आधी शोधा. त्या संस्थेची मान्यता कोणत्या अभ्यासक्रमांना आहे ते पाहा. आणि मग मागे येत आजच्या पायरीपर्यंत पोहोचा. कारण देशागणिक चित्र फार बदलतं. अमेरिकेत बहुतेक राज्यांत डॉक्टरेट लागते. पदवीनंतर साधारण पाच ते सात वर्षं, त्यात एक पूर्ण वर्षाची इंटर्नशिप, आणि मग परवान्यासाठी २२५ प्रश्नांची परीक्षा. ऑस्ट्रेलियात किमान सहा वर्षांचा क्रम आहे. ब्रिटनमध्ये मान्यताप्राप्त पदवी, कामाचा अनुभव आणि मग तीन वर्षांची क्लिनिकल डॉक्टरेट. तिथे 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' हे नाव कायद्याने राखीव आहे, नुसतं 'सायकॉलॉजिस्ट' मात्र नाही. भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते, आणि नुसत्या एम.ए.वर ती मिळत नाही. दोन वर्षांच्या एम.फिल.ची रूढ वाटही आता बदलते आहे, म्हणून प्रवेशाच्या वर्षीचा नियम थेट परिषदेकडूनच वाचा.

संस्था निवडताना इमारत आणि माहितीपत्रक बाजूला ठेवा. प्रत्यक्ष क्लायंटसोबत किती तास मिळतात, सुपरव्हायझर सेशनचं रेकॉर्डिंग ऐकतो की फक्त विद्यार्थ्याचं तोंडी वर्णन, किती चाचण्या पूर्ण घेऊन रिपोर्ट लिहावे लागतात, इंटर्नशिपची जागा संस्था देते की विद्यार्थ्याने शोधायची, आणि मागच्या तुकडीतले किती जण वेळेत बाहेर पडले? तोंडी वर्णनावर चालणारं सुपरव्हिजन जवळजवळ निरुपयोगी असतं, कारण जे आपल्याला दिसलंच नाही ते आपण सांगू शकत नाही. चांगला विद्यार्थी सुपरव्हिजनला सेशनमधली सर्वांत वाईट पाच मिनिटं घेऊन जातो.

पैशांबद्दल थोडक्यात : रुग्णालय, शाळा, विद्यापीठ किंवा कंपनीतली नोकरी स्थिर असते, खासगी प्रॅक्टिस हळू भरते आणि ऐनवेळी रद्द होणारी सेशन धरूनच तिचा हिशेब मांडावा लागतो. पस्तिशी-चाळिशीत क्षेत्र बदलून येणाऱ्यांना वय आड येत नाही. बिनपगारी इंटर्नशिपचं वर्ष आड येतं, तेव्हा त्या वर्षाची तजवीज आधी करा.

सहा महिन्यांनी आपले कागद समोर ठेवा. संभाषण उतरवून काढताना वेळेचं भान राहिलं नाही, पण संख्याशास्त्र नकोसं झालं, तर समुपदेशनाकडे कल आहे. तरीही क्लिनिकल वाट धरायची असेल तर आकड्यांशी मैत्री करावीच लागेल. आकडे आणि चाचण्यांच्या रचनेत रमलात, पण दुसऱ्याचं दुःख रात्री घरी आलं, तर संशोधन, चाचणी-निर्मिती किंवा संघटनात्मक, म्हणजे कामाच्या ठिकाणचं, मानसशास्त्र पाहा. नोकरीच्या मुलाखती सर्वांना तेच प्रश्न आणि तीच गुणपद्धत वापरून कशा घ्याव्यात, हा त्यातला एक भरीव विषय आहे, आणि अशा मुलाखतींचे अंदाज मोकळ्या गप्पांपेक्षा जास्त खरे ठरतात. मुलांसोबतचे चार तास आठवड्यातले सर्वांत चांगले वाटले, तर शालेय मानसशास्त्र किंवा विशेष शिक्षण. मेंदूला मार लागलेल्या माणसाची स्मरणशक्ती नेमकी कुठे तुटली आहे याचं कुतूहल वाटलं, तर न्यूरोसायकॉलॉजी. आणि निरीक्षणाचा पहिला रकाना भरताना दर वेळी कंटाळाच आला असेल, तर प्रवेशाचा अर्ज यंदा भरू नका.